जयामावशीच्या समोरची खुर्ची

जयामावशीने कुणालाही प्रश्न विचारायचा नाही, असा नियम होता. आणि हा नियम दुसऱ्या कुणी नाही, मावशीनेच स्वतःवर घालून घेतला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कांदिवली पश्चिमेला, चारकोपच्या सेक्टरात, बुद्धविहाराच्या पत्र्याच्या पडवीत रोज दुपारी चार वाजता ती प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडायची. एकीवर स्वतः बसायची, दुसरी रिकामी ठेवायची. ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, मनातलं काय असेल ते बोलावं आणि उठून जावं. सहा वाजले की खुर्च्या एकात एक घालून मावशी घरी. सल्ला नाही, उपाय नाही, कुठल्या बाबाचा नंबर नाही. अनोळखी माणसाचं नुसतं ऐकायचं, एवढंच काम.

ऐकायची सवय तिला नोकरीतून लागली होती. कुर्ल्याच्या एका प्रसूतिगृहात तिने एकतीस वर्षं आयाचं काम केलं. तिथे सगळ्या आयांना मावशीच म्हणतात, ते नाव रिटायर झाल्यावरही चिकटून राहिलं. कळा सोसणाऱ्या बाईला उपदेश केला की ती खवळते, हे मावशीला पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं. तिला लागतो कंबरेवर एक हात आणि अधूनमधून एक 'हं'. बाकी सगळं ती बाई स्वतःच करते.

पण इथे बसायचा संकल्प काही नोकरीमुळे झाला नाही. तो झाला अंबादासमुळे. अंबादास म्हणजे तिचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या दिवशी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दोनदा बाजूला करून तो काहीतरी सांगायला बघत होता, आणि दोन्ही वेळा मावशीनेच तो परत लावला. "बोलू नको, दम लागेल. उद्या सांग." उद्या कुठला उजाडायला! काय सांगायचं होतं त्याला, हे आता कुणालाच कळणार नाही. मावशी हे कुणाजवळ बोलली नाही, पण आत कुठेतरी ते सलत राहिलं.

यंदा आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे बौद्धांचा पावसाळ्यातला साधनेचा काळ, सुरू झाला, तेव्हा विहारातल्या भिक्खूंसमोर, भन्तेंसमोर, सगळ्यांनी तीन महिन्यांचे संकल्प घेतले. कुणी मटण-मासे सोडले, कुणी रोज वाचनाला येईन म्हणालं, एकाने मोबाईलवरचे व्हिडिओ सोडले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धरले. मावशी उभी राहून म्हणाली, "मी रोज चार ते सहा इथे बसेन. जो येईल त्याचं ऐकेन." भन्ते म्हणाले, "छान आहे. फक्त ऐकताना मध्ये येऊ नका, जयाबाई. शंका घेऊ नका. आणि इथलं बाहेर नेऊ नका."

भन्ते सहज बोलून गेले. पण मावशी पडली दवाखान्यातली बाई. तिथे मोठ्या डॉक्टरने सांगितलं की सांगितलं, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही. तिने ती तीन वाक्यं पंचशीलाला जोडून स्वतःपुरती सहावं, सातवं आणि आठवं शील करून टाकली. मध्ये यायचं नाही म्हणजे प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. भन्तेंना पत्ताही नव्हता.

पहिले आठ दिवस खुर्चीकडे कुत्रंही फिरकलं नाही. विहाराच्या कमिटीतला प्रबुद्ध म्हणाला, "मावशी, एक झकास फ्लेक्स लावू का? तुझा फोटो टाकतो." मावशी म्हणाली, "माझं थोबाड बघून असलेले पळतील रे, मेल्या." मग हळूहळू माणसं यायला लागली. एक रिक्षावाला आला, तो आईबद्दल बोलला आणि रडला. कॉलेजातली एक मुलगी आली, ती कशाबद्दल बोलली ते मावशीला शेवटपर्यंत समजलं नाही, पण जाताना पोरगी हसत गेली. मावशीला बरं वाटलं. अंबादासची आठवण त्या दोन तासांत जरा कमी टोचायची.

आणि मग श्यामकांतकाका आले.

पावसाची सर आली म्हणून ते पडवीत शिरले. पंचाहत्तरीचे, नीट इस्त्रीचा शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्याला एक किल्ली. पलीकडच्या सेक्टरात राहतात, इन्शुरन्समधून रिटायर झाले, मुलगा बाहेरदेशी. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले आणि विचारलं, "इथे काय चालतं?" मावशीने सांगितलं. त्यावर ते बोलायला लागले ते सहा वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना हजर. पुढे रविवार सोडला तर एक दिवस चुकला नाही. येताना स्वतःची पाण्याची बाटली आणायचे, विहारातल्या माठाला हात लावायचे नाहीत. विहाराचं पाणी चालत नाही म्हणून, की पोटाचं काही दुखणं आहे म्हणून, ते मावशीला कळेना. विचारायची तर सोय नाही.

बोलायचे ते बायकोबद्दल. शुभा तिचं नाव. शाळेत गणित शिकवायची, पाढे असे तोंडावर. आता तिला विसरायचा आजार झाला. गॅस चालू ठेवते, पेटवायचं विसरते. नळ वाहता ठेवते. एकदा घरातून निघाली ती थेट गोराई डेपोपर्यंत गेली, आणि घर कुठे ते तिला सांगता येईना.

मावशी 'हं' म्हणायची. पण चार-पाच दिवसांनी तिच्या लक्षात आलं की गोष्ट रोज थोडी बदलते. सोमवारी शुभा गोराई डेपोत सापडली, तर गुरुवारी महावीर नगरच्या सिग्नलला. एकदा तिला रिक्षावाल्याने आणून सोडलं, तर एकदा काका स्वतः शोधायला गेले. एकदा म्हणाले मुलगा अमेरिकेत, एकदा म्हणाले ऑस्ट्रेलियात. मावशीच्या जिभेवर यायचं, "अहो काका, नक्की कुठे?" पण ती जीभ चावायची. शंका घ्यायची नाही. कळा देणारी बाईसुद्धा आधी पाठ दुखते म्हणते, मग पोट, मग मांड्या. दुखणं खरं असतं ना, मग झालं.

असे दोन महिने गेले. भाद्रपदातल्या एका दुपारी काका खुशीत होते. म्हणाले, "हे दोन तास मला फार निवांत जातात, जयाबाई. घरची काळजी नसते." आणि गळ्यातली किल्ली चिमटीत धरून दाखवली. "कुलूप लावून येतो ना तिला."

मावशीने मनात हिशोब केला.

दोन महिने! रोज दोन तास, ती समोरची खुर्ची मांडून बसते म्हणून पलीकडच्या सेक्टरात एक आजारी बाई घरात कोंडलेली असते. गॅस चालू ठेवते म्हणतात तिला. काही झालं तर? दार कोण उघडणार? त्या संध्याकाळी खुर्च्या उचलताना मावशी स्वतःलाच बोल लावत होती. आपण पुण्य करतोय म्हणून इतके दिवस बसलो, आणि इथे तर भलतंच निघालं.

घरी येऊन तिने नाव न घेता, गाव न सांगता प्रियंकाला विचारलं. प्रियंका तिची मुलगी, एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये. तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, "आई, सरळ पोलिसांत सांग. यात विचार काय करायचा?"

"अगं, पण मी बाहेर बोलणार नाही असं कबूल केलंय."

"मग बसायचं बंद कर. तू नाही बसलीस तर तो माणूस बाहेर कशाला पडेल?"

"मग तो कुणाजवळ बोलेल?"

"आई, तुझं ना काही कळतच नाही," असं म्हणून प्रियंकाने हेडफोन परत घातला.

मावशीलाही काही कळत नव्हतं. पोलिसांत सांगावं तर वचन मोडतं, आणि त्या म्हाताऱ्याला चौकीत बसवतील. बसायचं सोडावं तर संकल्प मोडतो. आणि बसत राहावं तर ती बाई कोंडलेली. कुठूनही गेलं तरी कुणाचा तरी गळा आवळला जातोय. डोकं पार भंजाळून गेलं. शेवटी ती भन्तेंकडे गेली आणि सगळं सांगितलं, नावं तेवढी वगळून. भन्तेंनी डोळे मिटून ऐकलं. मावशी थांबली, तेव्हा ते म्हणाले, "हं."

"भन्ते, मी काय करू?"

"तुम्हाला काय वाटतं, जयाबाई?"

मावशीला असा संताप आला! आपण दोन महिने लोकांना हेच देत होतो की काय? माणूस बुडतोय आणि काठावरून 'हं'? वंदन करून ती तरातरा निघून आली. भन्ते मोठा माणूस, उलट बोलता येत नाही, पण वाटेत भाजीवाल्यावर उगाच ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्च्या मांडल्याच नाहीत. दोन्ही उलट्या करून भिंतीशी ठेवल्या आणि आत पुस्तकांच्या कपाटाआडून खिडकीतून बघत बसली. मनात म्हणाली, खुर्ची नाही दिसली की काका घरी जातील, त्या बाईचं दार उघडेल. चारला पाच कमी असताना काका आले. उलट्या खुर्च्यांकडे बघितलं. घड्याळ बघितलं. मग छत्री उघडून विहाराच्या भिंतीला टेकून उभे राहिले. पाऊस वाढला, तरी उभे. साडेचार झाले, पाच झाले. आत मावशीची नुसती तगमग. अहो, जा ना घरी! एकदा ती उठलीसुद्धा, पण बाहेर जाऊन बोलायचं काय? पुन्हा बसली. सहा वाजता काकांनी छत्री झटकली आणि आपल्या रस्त्याला लागले.

म्हणजे खुर्ची मांडा नाहीतर मोडा, ती बाई कोंडलेलीच. वर आणखी एक म्हातारा दोन तास पावसात. मावशीला रडू यायला लागलं. नियम पाळून हे असं होत असेल तर नियम गेला खड्ड्यात, असं तिने पहिल्यांदाच मनाशी म्हटलं, आणि म्हटल्यावर घाबरून इकडे तिकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी खुर्च्या मांडल्या. काका आले, बोलले. आजच्या गोष्टीत शुभा बोरिवलीच्या मार्केटात सापडली. सहा वाजले, ते उठले, आणि मावशीने दोन महिन्यांतला पहिला प्रश्न विचारला.

"काका, मी येऊ का तुमच्या घरी?"

तिला वाटलं ते चिडतील. काकांचा चेहरा तर उजळला. "या की! शुभाला बरं वाटेल. तिच्याकडे कुणी येत नाही हो." छत्रीत घेऊन मोठ्या रस्त्याने रमतगमत नेलं. तिसऱ्या मजल्यावर दारापाशी ते खिसे चाचपायला लागले. पँटचे, शर्टचे, परत पँटचे. "किल्ली कुठे गेली?" मावशीने त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. ते हसले. "बघा, तिच्यामुळे मलाही विसरायला होतं."

दार उघडलं. मावशीच्या डोळ्यांसमोर काय काय होतं! केस सुटलेली, भिंतीकडे बघत बसलेली बाई. असल्या बाया तिने वॉर्डात कमी पाहिल्या नव्हत्या. आत बघते तो नीट साडी नेसलेल्या एक बाई खुर्चीत बसलेल्या, मांडीवर वर्तमानपत्र, हातात पेन, चौकोनांतलं आकड्यांचं कोडं जवळजवळ सुटलेलं. फक्त त्यांना जरा धाप लागली होती. आणि दारामागे त्यांच्या चपला होत्या, त्या चिंब ओल्या. बाहेरून कुलूप लावलेल्या घरात ओल्या चपला कशा? मावशीला कळेना.

"शुभा, या जयाबाई," काका म्हणाले. "तू बस. उठू नको. चहा मी टाकतो." आणि आत गेले.

शुभाताईंनी पेन बंद केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जयाताई, मला काही झालेलं नाही. आजार त्यांना आहे. दोन वर्षं झाली डॉक्टरांनी सांगून."

मावशीने स्वयंपाकघराकडे बघितलं.

"गोराई डेपोत मी नाही, ते सापडले होते. बनियनवर. ते त्यांना सहनच झालं नाही हो. मग हळूहळू ते सगळं माझ्यावर आलं. मीही येऊ दिलं. नाही म्हटलं की फार घाबरतात."

"पण कुलूप?"

"लॅच आहे, आतूनही किल्लीने उघडतं. दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ते निघाले की मी मागोमाग निघते. तुमच्यासमोर बसले की समोरच्या मेडिकलच्या छपराखाली उभी राहते. ते मोठ्या रस्त्याने परत येतात, मी मधल्या गल्लीने पळत येऊन आत बसते. आज तुम्हाला त्यांच्याबरोबर पाहिलं, तेव्हा तर धावतच आले." मग म्हणाल्या, "काल तुम्ही नव्हता. ते दोन तास भिंतीशी उभे होते. मीही समोर उभी होते."

मावशीच्या डोक्यात नुसता कल्लोळ उठला. आता खरं कुणाचं मानायचं? आजारी माणूस कधी स्वतःला आजारी म्हणतं का? वॉर्डातली बाळंतपणात वेड लागलेली बाईसुद्धा असंच शहाण्यासारखं बोलायची, डॉक्टरला आत टाका म्हणायची. पण आकड्यांचं कोडं? पण ओल्या चपला? पण काकासुद्धा किती जीव तोडून सांगतात! शंका घ्यायची नाही म्हणून दोन महिने त्यांचा शब्द न् शब्द खरा धरला, आता ह्यांचाही खरा धरायचा तर दोन्ही एका वेळी बसणार कसे?

तेवढ्यात काका बाहेर आले, नॅपकिनला हात पुसत. "टाकलाय चहा," असं म्हणून निवांत बसले. आणि मावशीच्या नाकात गॅसचा वास शिरला. ती उठणार, तोच शुभाताई शांतपणे उठल्या, आत गेल्या. बटण बंद केल्याचा आवाज आला, मग खिडकी उघडल्याचा. त्या परत येऊन जागेवर बसल्या.

"बघितलंत?" काका मावशीला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती कीव होती. "गॅस सोडते आणि पेटवायचं विसरते. रोजचं आहे."

"चुकलंच माझं," शुभाताई म्हणाल्या. "पुन्हा नाही विसरणार."

मावशीला सगळं कळलं. तिने मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि ते काकांना दिसायला नको होते.

शुभाताईंनी पुन्हा केलेला चहा पिऊन मावशी निघाली. शुभाताई जिन्यापर्यंत पोचवायला आल्या, मागे दार नुसतं लोटून ठेवलं.

"तुमचा वर्षावास पौर्णिमेला संपेल ना?" त्यांनी विचारलं. "मग तुम्ही बसणार नाही?"

मावशीने आतापर्यंत बसावं की सोडावं याच्यावर डोकं फोडून घेतलं होतं. ही बाई ते सुटेल या धास्तीने दिवस काढत होती. "बसेन," मावशी म्हणाली. "काका येतील तोवर बसेन."

"तुमच्याकडून आले की ते शांत असतात. जेवतात नीट. तेवढ्यावर माझी रात्र जाते." शुभाताईंनी कठडा धरला. बोलावं की नको असं त्यांचं चाललं होतं. मग म्हणाल्या, "मेडिकलपाशी ऐकू काही येत नाही. नुसते हातवारे दिसतात. जयाताई, ते माझ्याबद्दल काय सांगतात हो?"

हा प्रश्न मावशीला अपेक्षित नव्हता. इथलं बाहेर नेऊ नका, असं भन्ते म्हणाले होते. प्रश्न विचारून एक नियम तिने मोडलाच होता. हा मोडला तर हाताशी काय उरणार? तिला अंबादासचा हात आठवला, मास्ककडे जाणारा. कुणी कुणाला काही सांगायचं राहून गेलं की ते कायमचं राहतं, हे तिच्याइतकं या जिन्यात कुणाला माहीत होतं? मोडला तर मोडला.

"जागा रोज बदलते," ती म्हणाली. "कधी डेपो, कधी मार्केट. पण उठायच्या आधी एक वाक्य रोज बोलतात. म्हणतात, शुभा फार घाबरलीय. मला दाखवत नाही, पण रात्री माझा हात धरून झोपते, तेव्हा मला कळतं."

शुभाताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली.

"घाबरलेय, खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ते त्यांना अजून कळतं, हे मला माहीत नव्हतं."

आतून काकांनी हाक मारली, आणि शुभाताई "आले" म्हणून आत गेल्या.